कोकणात ऑफ सीझनला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात खोली न मिळालेली मंडळी जूनमध्ये पुन्हा फोन करतात, "आता तरी आहे का हो जागा?" जागा असते, हवी तेवढी असते. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. पाऊस किती, मासे मिळतील का, किल्ल्यावर होडी जाते का, आईला आणलं तर चालेल का. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. भर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गावर आहे. गोवा आणि घाटमाथ्याविषयी थोडं पुढे येईल.

कोकणातला ऑफ सीझन नक्की कधी असतो?

"पावसाळा" असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. कोकणातली गर्दी हवामानापेक्षा शाळेच्या वेळापत्रकावर चालते. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी आणि वर्षभरातले जोडून आलेले शनिवार-रविवार हे दिवस भरलेले. गणपतीचं गणित निराळं. तेव्हा पर्यटक कमी असतात, पण चाकरमानी गावी येतात आणि घरं, गाड्या, रस्ते सगळं तुडुंब होतं.

या सगळ्याच्या मधे ज्या फटी उरतात तो ऑफ सीझन. त्यातल्या दोन मोठ्या आहेत. पहिली जूनच्या मध्यापासून गणपतीच्या आठवडाभर आधीपर्यंत. दुसरी फार थोड्यांच्या लक्षात येते: २६ जानेवारी उलटली की होळीपर्यंत. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असतात, बाकी मुलांच्याही परीक्षा तोंडावर येतात, त्यामुळे शहरातलं कुटुंब घर सोडत नाही. ऊन अजून चढलेलं नसतं, समुद्र शांत असतो, रात्री अंगावर चादर लागते. मला विचाराल तर वर्षातला सर्वांत चांगला कोकण हाच, आणि नेमका तेव्हाच तो रिकामा असतो.

तिसरी फट छोटी आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत, सोमवार ते गुरुवार.

फेब्रुवारीत येऊनही आम्हाला खोली मिळाली नाही, असं का झालं?

बहुधा जत्रा असणार. देवळांचा सीझन पर्यटकांच्या सीझनला जुमानत नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चात असते, पण तिची तारीख पंचांगात सापडत नाही. देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी नव्याने ठरते. एकदा जाहीर झाली की मालवण, कणकवली, कुडाळ या भागातल्या खोल्या भरतात आणि रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात. महाशिवरात्रीला देवगडजवळ कुणकेश्वराची जत्रा. गणपतीपुळ्याला माघी गणेशोत्सव, शिवाय संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी, म्हणजे पहाटेपासून रांग. पुढे शिमग्याला पालख्या निघतात आणि चाकरमानी पुन्हा गावी.

शिमगा मुद्दाम बघायला येणार असाल तर जरूर या, पण मग त्याला ऑफ सीझन समजू नका. बाकीच्यांनी तारीख पक्की करण्याआधी घरमालकाला एवढंच विचारावं, "त्या आठवड्यात तुमच्याकडे काही आहे का?"

खरंच स्वस्त पडतं का? किती?

राहण्यात पडतं, प्रवासात फारसं नाही. मांडवी एक्स्प्रेसच्या स्लीपरचं तिकीट मे महिन्यात जेवढ्याला तेवढ्यालाच जुलैमध्ये. फरक इतकाच की जुलैमध्ये ते मिळतं. खासगी बसचं भाडं मात्र मागणीप्रमाणे वर-खाली होतं. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारू नये असा राज्य सरकारचा नियम २०१८ पासून आहे, तरी गणपतीच्या आदल्या आठवड्यात लोकांना काय अनुभव येतो ते सांगायला नको. ऑफ सीझनला त्याच बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या असतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. गर्दी नसताना या सवलतींचा खरा उपयोग होतो, कारण बसायला मिळतं.

खोलीचं म्हणाल, तर माझ्या ओळखीच्या घरगुती निवासांमध्ये मे महिन्यात साडेतीन हजारांना जाणारी एसी खोली फेब्रुवारीतल्या मंगळवारी दोन-अडीच हजारांना मिळते. पावसाळ्यात एसी लागतच नाही, त्यामुळे साधी खोली घेतली तर आणखी कमी. मोठ्या रिसॉर्टमध्ये सूट आकड्यात जास्त दिसते, पण मूळ दरच चढा असतो. तिथे सवलतीची टक्केवारी बघू नका, हातात येणारं बिल बघा.

पण फक्त पैसे वाचवायला ऑफ सीझनला या, असं मी सांगणार नाही. वाचतो तो वेळ, आणि मिळतं ते लक्ष. मे महिन्यात गुहागरच्या किंवा आंजर्ल्याच्या एखाद्या घरगुती खानावळीत पन्नास पानं उठवायची असतात. तुमच्या पानात आमटी कमी पडली हे बघायला कोणाला सवड नसते. फेब्रुवारीत तुम्ही चौघंच असता. काकू विचारतात, "तिखट चालतं ना? की मुलांना वेगळं करू?" काका जेवण झाल्यावर गप्पा मारत बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच बागेत घेऊन जातात. सुपारी कशी काढतात, मिरीचा वेल आंब्यावर कसा चढवतात, यंदा मोहोर का गळला, हे सगळं त्या फेरीत कळतं. ते कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं.

फोनवर बोलताना घासाघीस करावी का?

एकदा विचारावं. दोनदा विचारू नये. सहा खोल्यांचं घर चालवणाऱ्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न मोजक्या गर्दीच्या दिवसांवर असतं. बाकीचे महिने गडी, वीज, डागडुजी चालूच. रिकाम्या खोलीपेक्षा कमी भावात दिलेली खोली बरी, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. तो स्वतःहून भाव कमी करतो.

भावाऐवजी दुसरं काही मागा: दुपारी बारापर्यंत खोली ठेवता येईल का, तीन रात्री राहिलो तर एक वेळचं जेवण धराल का, रेल्वे स्टेशनवरून आणायला रिक्षा सांगाल का. या गोष्टी ऑफ सीझनला सहज मिळतात.

आणि हे न विसरता विचारा:

- जेवण घरीच मिळेल ना? (बाहेरची हॉटेलं ऑफ सीझनला बंद असू शकतात.)
- लाईट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ चालतो?
- मोबाईलला रेंज कोणत्या कंपनीची येते?
- रस्त्याचं किंवा घराचं काही काम चालू आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. रंगकाम, फरशी, नवीन बाथरूम ही सगळी कामं गर्दी नसतानाच काढतात.

पावसाळ्यात समुद्रकिनारी येऊन करायचं काय? पोहता तर येत नाही.

बरोबर, पोहता येत नाही. पोहायचंच असेल तर पावसाळ्यात येऊ नका. हा प्रश्न ज्यांना खरोखर पडतो त्यांनी फेब्रुवारीत यावं.

ज्यांना ओटीवर बसता येतं त्यांनी यावं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जुलैचा. तो रिमझिम पाऊस नसतो. सर येते, कौलांवर ताशा वाजल्यासारखा आवाज होतो, समोरची माडाची बाग पुसली जाते आणि पंधरा मिनिटांनी सगळं पुन्हा लख्ख. मधल्या उघडिपीत बाहेर पडायचं. शेतात लावणी चालू असते. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने वाकलेल्या, डोक्यावर इरलं फारसं दिसत नाही आता, प्लास्टिकची खोळ असते. बांधावरून चाला, पण रोपांच्या जुड्यांवर पाय देऊ नका आणि न विचारता फोटो काढू नका. तुम्ही सुट्टीवर आहात, समोरचा माणूस नाही.

धबधबे सांगायलाच नकोत: देवरूखजवळ मार्लेश्वर, कणकवलीजवळ सावडाव, वैभववाडीत नापणे. मला स्वतःला त्याहून जास्त आवडतो तो रेल्वेच्या खिडकीतला कोकण. उक्षीजवळ रानपाटचा धबधबा गाडीतूनच दिसतो. त्याच पट्ट्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो आणि रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे दऱ्याच दऱ्या. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. ढग खाली आणि डबा वर, असं दृश्य तिथे पावसाळ्यातच मिळतं. जनशताब्दीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा आहे. मे महिन्यात त्यात जागा मिळणं कठीण, जुलैमधल्या बुधवारी मात्र प्रयत्न करून बघण्यासारखा आहे.

किल्ले हवे असतील तर जमिनीला जोडलेले निवडा. विजयदुर्ग, रत्नदुर्ग, पूर्णगड, जयगड इथे होडीची गरज नाही. शेवाळावर घसरायला होतं, बूट चांगले हवेत.

मग बंद काय काय असतं?

हे नीट वाचा, कारण निराशा इथेच होते.

साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची पर्यटकांची जलवाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या नाहीत, जंजिऱ्याला शिडाच्या होड्या नाहीत, तारकर्लीचं स्कूबा नाही, पॅरासेलिंग नाही, डॉल्फिन बघायला नेणाऱ्या बोटी नाहीत. गेटवे ते मांडवा लाँचही याच काळात थांबते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे वाहनांसकट नेणारी बोट, हवामान बघून चालू ठेवतात. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाडीतल्या फेरीबोटी सहसा पावसातही असतात, तरी निघण्यापूर्वी विचारून घ्या, नाहीतर शंभर किलोमीटरचा वळसा पडतो.

कातळशिल्पं पावसाळ्यात बघायला येऊ नका. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, उक्षी, देवीहसोळ, बारसूची शिल्पं ही सगळी उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेली आहेत. पावसात त्यांत पाणी साचतं, मग गवत वाढतं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून चौकशा वाढल्या आहेत. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा काळ, आणि सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिरपं ऊन असलं तरच रेषा उठून दिसतात, भर दुपारी डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत.

जून-जुलैमध्ये मासे मिळतात का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ. त्यामुळे ताजा पापलेट, सुरमई यांची आस धरू नका. मेनूकार्डवर असेल तर तो बर्फातला किंवा दुसरीकडून आलेला, आणि भाव तुम्हाला जुलैतही मे महिन्यातलाच लागेल.

पण म्हणून ताट कोरडं राहत नाही. पहिल्या पावसात नदी-ओढ्यांतून उलटे चढणारे चढणीचे मासे, खाडीतल्या कुर्ल्या, सुक्या बांगड्याची चटणी, सोड्याची खिचडी, जवळा घालून केलेली भाजी. हे कोकणी माणसाचं पावसाळ्यातलं खरं जेवण आहे आणि हॉटेलात ते क्वचितच मिळतं, घरी सांगावं लागतं. सोबत टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्या.

श्रावणात अनेक घरी मासे शिजतच नाहीत. तेव्हा हट्ट करू नका, पातोळ्या मागा. तांदळाचं पीठ हळदीच्या ओल्या पानावर थापून, आत गूळ-खोबऱ्याचं सारण भरून, पान दुमडून उकडतात. पान सोडवलं की त्याच्या शिरा पातोळीवर उमटलेल्या असतात आणि वास घरभर जातो. हळदीची पानं पावसाळ्यातच असतात, त्यामुळे मे महिन्यातल्या पाहुण्याला हा पदार्थ मिळत नाही. तीच गोष्ट तवशाच्या धोंडसाची. मोठी पिकलेली काकडी किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून भाजलेला केकच तो.

आणि फेब्रुवारी-मार्चात काय मिळतं? हापूस?

हापूस नाही. चुकून दिसला तर त्याच्या किमतीत दोन दिवसांचं राहणं होईल. मार्च संपताना आंबा सुरू होतो, पोटभर खायचा तर एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, आणि मग गर्दी सोसायची. आंबा आणि शांतता एकत्र हवी असेल तर एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा, शाळा सुटायच्या आधी. तेवढीच संधी.

फेब्रुवारीचा मेवा म्हणजे ओले काजू. बाजारात बायका शेकड्यावर विकतात. ते सोलणं सोपं नाही, सालीचा चीक हाताला लागला तर कातडी भाजते, म्हणून सोलणाऱ्या हाताला खोबरेल तेल चोळून बसतात. ओल्या काजूगरांची उसळ, वर ओलं खोबरं, सोबत तांदळाची भाकरी. ज्याने ही खाल्ली त्याला डब्यातल्या भाजलेल्या काजूचं कौतुक राहत नाही. रायगडच्या बाजूला हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागते, पण ती फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच धरा.

समुद्रही याच दिवसांत चांगला. मालवणला पाणी नितळ असल्यामुळे स्कूबासाठी नोव्हेंबर ते मार्च योग्य. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा, पाटीत उसळणारे बांगडे आणि बोटांच्या खुणांनी ठरणारे भाव.

वेळास आणि आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत समुद्रात सोडतात. गावकऱ्यांच्या घरीच राहायचं, साधं जेवण, लवकर उठणं. शनिवार-रविवारी तिथे दोरीमागे माणसांची भिंत असते. बुधवारी गेलात तर पिल्लू दिसेल. अर्थात अंड्यातून बाहेर कधी यायचं हे पिल्लू ठरवतं. एखाद्या दिवशी एकही निघत नाही, त्यासाठी दोन मुक्काम धरा.

रेल्वेचं तिकीट कधी काढावं?

आता आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं. ऑफ सीझनला आठवड्याच्या मधल्या दिवशी दोन-तीन आठवडे आधी सहसा पुरतं, शुक्रवार रात्र आणि रविवार संध्याकाळ सोडून.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लक्षात ठेवा. जूनच्या मध्याच्या सुमारास ते लागू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं. गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, वेळा बदलतात, आणि मुंबई-मडगाव वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते. जुन्या वेळेच्या भरवशावर स्टेशनवर गेलात तर गाडी गेलेली असू शकते. दरड आली तर मार्ग बंदही होतो. १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटी-विन्हेरे दरम्यान दरड कोसळली आणि वाहतूक सुमारे एक दिवस ठप्प झाली. त्याच महिन्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी आल्यामुळेही गाड्या अडकल्या होत्या. म्हणून परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. एक दिवस हातचा राखा.

स्वतःची गाडी घेऊन येऊ का?

फेब्रुवारीत जरूर. गर्दी नसताना सागरी मार्गाने, खाड्या फेरीबोटीने ओलांडत अलिबागपासून खाली उतरत येणं ही चैन आहे.

पावसाळ्यात दिवसाउजेडी घाट उतरा. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद करतात, त्यामुळे नकाशावर तो जवळचा दिसला तरी त्यावर भिस्त ठेवू नका. पुण्याहून ताम्हिणी, कोल्हापूरहून आंबा घाट किंवा गगनबावड्याची बाजू. निघायच्या सकाळी बातम्या बघा, आणि जिथे उतरणार त्यांना फोन करा. रस्त्याची खरी खबर त्यांच्याकडे असते.

पावसाळ्यात येणं सुरक्षित आहे का?

पाण्यापासून लांब राहिलात तर आहे. जे अपघात होतात ते बहुतेक दोनच ठिकाणी: खवळलेल्या समुद्रात आणि धबधब्याच्या प्रवाहात. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सपाट, पण पाण्याखाली उतार एकदम आहे आणि ओढ जबरदस्त. गुडघाभर पाण्यातला माणूस एका लाटेत आत जातो. गावातला कोणी "नको" म्हणाला तर तिथे वाद घालू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहात वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं, तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी.

हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर निघू नका. नारिंगी असेल तर निघा, पण मुक्काम हलवू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आणीबाणीसाठी ११२.

मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या बुकिंगबद्दलही आता सावध राहा. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला.

लोणावळा, महाबळेश्वर, माथेरान इथेही पावसाळा म्हणजे ऑफ सीझन का?

लोणावळ्यात उलट आहे. पावसाळी शनिवार-रविवार हाच तिथला सीझन. आंबोलीचंही तेच झालंय, मुख्य धबधब्याखाली रविवारी उभं राहायला जागा नसते. मंगळवारी जा, तोच धबधबा तुमचा एकट्याचा. रात्री माहितगारासोबत बेडूक आणि साप बघायला फिरा आणि जळवांसाठी मीठ जवळ ठेवा.

महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पॉइंटवर धुक्याशिवाय काही दिसत नाही. ज्यांना तेच हवंय त्यांच्यासाठी उत्तम. स्ट्रॉबेरीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतला मधला वार. माथेरानला जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळची गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल चालते. कासच्या फुलांना पर्याय नाही, ती सप्टेंबरातच. तिथे आगाऊ नोंदणी करून सोमवार ते गुरुवार जाणं एवढंच आपल्या हातात.

गोव्यात पावसाळ्यात काही असतं का?

किनाऱ्यावरचे शॅक उठलेले असतात, लाल झेंडे लागलेले असतात, दूधसागरच्या जीप बंद. तरी मी जूनच्या शेवटी गोव्याला जा म्हणेन. २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरां, झेंड्यांचा उत्सव. हे सण गोंयकार स्वतःसाठी करतात. वाळपईला म्हादई नदीत राफ्टिंगही पावसाळ्यातच होतं. हॉटेलं कमी भावात मिळतात हे तर आहेच, पण डिसेंबरात जो गोवा दिसत नाही तो दिसतो हे जास्त मोलाचं.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. कधी आणू?

फेब्रुवारी. विचारच करू नका. पावसाळ्यात अंगण निसरडं, संडास-बाथरूम कधी घरामागे, लाईट जाते आणि दवाखाना लांब. पावसाळ्यातच यायचं तर रत्नागिरी, चिपळूण किंवा मालवण शहरात उतरा.

मुलांची शाळा आहे, आम्ही कसं जमवावं?

सहामाही परीक्षा आणि दिवाळी यांच्यामधले दोन-चार दिवस बघा. नाहीतर सुट्टीतच या, पण सोमवारी संध्याकाळी पोचा आणि शुक्रवारी दुपारी निघा. मे महिन्यातही मंगळवार आणि शनिवार यांत बराच फरक असतो. आणि जागा बदला: मालवणऐवजी वेंगुर्ला, गणपतीपुळ्याऐवजी वेळणेश्वर किंवा हेदवी.

आम्ही परदेशात असतो, सुट्टी डिसेंबरातच मिळते.

मुंबईत उतरल्यावर आधी कोकण, मग नातेवाईक. वीस तारखेच्या आत परत फिरा. बहुतेक जण उलट क्रम लावतात आणि ३१ डिसेंबरला महामार्गावर असतात.

पावसामुळे यायला जमलं नाही तर पैसे परत मिळतात का?

घरगुती निवासांत सहसा परत देत नाहीत, पण तारीख पुढे ढकलून देतात, आणि ऑफ सीझनला तारखांना तोटा नसतो. पैसे भरायच्या आधी हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. दरड आली, रेल्वे रद्द झाली तर काय, हेही त्यातच. रेल्वेने गाडीच रद्द केली तर तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात.

बॅगेत काय आणू?

पावसाळ्यात जीन्स नको, चार दिवस वाळत नाही. चटकन वाळणारे कपडे, जादा टॉवेल, टॉर्च, ओडोमॉस, रोजची औषधं आणि सुटे पैसे. नेट गेलं की यूपीआय चालत नाही आणि एटीएम पुढच्या गावात असतं. फेब्रुवारीत टोपी, एक पातळ स्वेटर आणि परतीच्या वाटेवर कोकम-काजूसाठी एक रिकामी पिशवी.